संशयाचे उत्तर : बॅटरी-कंपन्यांच्या निवेदनांतील संकेतार्थ

ज्या कंपनीजवळ विकावयास वस्तू नाही, वस्तू होईल एवढे वचनच आहे, तिने संशयी भागधारकास दिलेले उत्तर हा एक स्वतंत्र गद्यप्रकार मानावयास हरकत नाही. त्याची परीक्षा रसायनशास्त्रज्ञ करतात, अर्थशास्त्रज्ञही करतात. परंतु ते उत्तर अखेर वाक्यांनीच बनलेले असते आणि वाक्यांची परीक्षा हे भाषाभ्यासकाचे काम आहे. हा प्रश्न पाचोडसारख्या गावापासून फार दूरचा राहिलेला नाही. फवारणीच्या पंपाची आणि घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी तेथे जुनी आहे. बॅटरीच्या भरवशावर उभ्या असलेल्या कंपनीचा भाग घ्यावा की न घ्यावा, हा विचार नवा आहे. एथर एनर्जी या विद्युत्-दुचाकी कंपनीने जून २०२४ मध्ये पाचोडच्याच पैठण तालुक्यातील बिडकीन येथे कारखाना काढण्याचे जाहीर केले, आणि २०२५ च्या एप्रिलअखेर तिचे भाग सर्वसामान्यांस खुले झाले. त्या कंपनीची दुचाकी निदान रस्त्यावर दिसते. जेथे दिसण्याजोगे काहीच नसते, तेथे वाचकाच्या हाती केवळ निवेदन उरते.

अशा निवेदनास कोणती कसोटी लावावी? ती शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. शास्त्रचर्चेकरिता ज्या पैठणचा लौकिक होता, तेथील परंपरेत सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागे, आणि तो प्रतिपक्षाच्या पूर्ण बळानिशी मांडावा लागे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याचे खंडन करणे हे पांडित्याचे लक्षण समजले जात नसे. दुसरी कसोटी न्यायशास्त्रातील उपाधीची. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हा नियम खोटा ठरतो, कारण त्यात ओल्या इंधनाची अट लपलेली असते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. अट सांगितली की विधान खरे होते, दडविली की फसवे होते. बॅटरीविषयीचे जवळजवळ प्रत्येक विधान असे सोपाधिक असते. किती आवर्तने टिकते, हे कोणत्या तापमानास, किती वेगाने भरले, किती दाबाखाली, केवढ्या घटात, यांवाचून अर्थहीन आहे. पाचोडच्या बाजारात मोसंबीचा खरेदीदार ‘माल उत्तम आहे’ एवढ्यावर सौदा करीत नाही. आंबे बहार की मृग बहार, हे तो आधी विचारतो.

कॅलिफोर्नियातील क्वांटमस्केप या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी घनावस्था लिथियम बॅटरीवर काम करीत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तिचे भाग बाजारात आले, तेव्हा तिची विक्री शून्य होती. डिसेंबरात तिने आपली आकडेवारी प्रसिद्ध केली. आठशेच्या आसपास आवर्तनांनंतर ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षमता शिल्लक, हा त्यातील मुख्य दावा. परंतु त्यासोबत ३० अंश सेल्सिअस तापमान, तासाभरात भरणे व तासाभरात रिकामे करणे, सुमारे ३.४ वातावरणांचा दाब आणि एकाच थराचा घट, या अटीही सांगितल्या होत्या. अशा बॅटऱ्यांची आकडेवारी चढ्या तापमानास किंवा अतिमंद वेगाने मिळविलेली असते, हा जाणकारांचा नेहमीचा आक्षेप. येथे तो नीट ओळखून त्यास आकड्यांनी उत्तर दिले गेले. पूर्वपक्ष बलवान ठेवण्याचा हा चांगला नमुना होय.

एप्रिल २०२१ मध्ये स्कॉर्पियन कॅपिटल या संस्थेने १८८ पृष्ठांचे आरोपपत्रच प्रसिद्ध केले. भाव उतरला तर जिला लाभ, अशी ही संस्था. तिच्या गद्यात आवेश पुष्कळ, आणि नावे न सांगितलेल्या माणसांच्या साक्षी त्याहून पुष्कळ. परंतु आक्षेपकाचा हेतू शुद्ध नाही एवढ्याने आक्षेप असिद्ध ठरत नाही. कंपनी आपल्या आकडेवारीवर ठाम राहिली, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात स्वतंत्र प्रयोगशाळेतील चाचणीने एका थराच्या घटाविषयीच्या दाव्यास पुष्टीही मिळाली. तरी संशयी भागधारकाचा खरा प्रश्न एका थराचा नव्हताच. अनेक थरांचा घट कारखान्यात, लाखांच्या संख्येने, परवडेल अशा खर्चात होईल काय, हा होता. गुणधर्माच्या प्रश्नास आकड्यांनी उत्तर मिळाले. निर्मितीच्या प्रश्नास भविष्यकाळी क्रियापदांनी. चोवीस थरांचे नमुने मोटार-उत्पादकांकडे गेले ते डिसेंबर २०२२ मध्ये. जानेवारी २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या पॉवरको या कंपनीने आपल्या चाचणीत हजारांहून अधिक आवर्तनांनंतर ९५ टक्के क्षमता उरल्याचे सांगितले. म्हणजे पहिले उत्तर खरे होते आणि दुसरे लांबत होते. ही दोन उत्तरे एकाच सुरात दिली जातात, हाच या गद्याचा मुख्य दोष आहे.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या (१९११) परंपरेतून आलेले क्रियापदांच्या अर्थांचे विवेचन प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. ‘झाले’, ‘होते’ हा स्वार्थ; ‘झाले असते’, ‘झाल्यास होईल’ हा संकेतार्थ. गुंतवणूकदारांस दिलेल्या उत्तरातील पुष्कळशी विधाने वस्तुतः संकेतार्थी असतात, पण ती स्वार्थाच्या वेषात येतात. आणि त्यांचा संकेत निवेदनाच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, ‘ही विधाने भविष्यविषयक आहेत’ अशा सूचनेच्या रूपाने एकत्र कोंडलेला असतो. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने अशा सूचनेस संरक्षण दिले. कायद्यास ते पुरत असेल. व्याकरणास पुरत नाही. ‘जर’ पहिल्या पृष्ठावरून उचलून बाराव्या पृष्ठावर नेला, तर वाचकाच्या मनात ‘तर’ तेवढा राहतो.

मराठीत हे निवेदन येते तेव्हा आणखी एक झीज होते. पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. ही कंपनी लहान नव्हे, आणि तिचा मूळ व्यवसाय मोटारींच्या संगणक-प्रणालींचा. परंतु बॅटरीच्या क्षेत्रात ती नवखीच होती. पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने झालेले हे काम खरोखर महत्त्वाचे आहे. सोडियम विपुल आहे, लिथियमसाठी भारताला परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. ऊर्जाघनता किलोग्रॅमला १०० ते १७० वॉट-तास आणि ऐंशी टक्के क्षमता राखून ३,००० ते ६,००० आवर्तने, असे त्यातील आकडे होते. हे दोन पल्ले आहेत. दोन्हींची वरची टोके एकाच घटात मिळतात, असा अर्थ ते शेजारी ठेवल्याने सिद्ध होत नाही. तरी वाचक नकळत १७० आणि ६,००० यांची जोडी जमवितो. त्यात ‘६,००० पर्यंत’ मधील ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय मथळ्यात जागा नसल्यामुळे गळाले, की मर्यादेचे माप होते. हा दोष कंपनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो मराठी लेखणीचा आहे. जून २०२४ मध्ये ट्रेन्टार एनर्जी सोल्युशन्स या कंपनीशी तंत्रज्ञान-हस्तांतरणाचा करार जाहीर झाला. करार हा ‘झाला’ असतो, उत्पादन ‘व्हावयाचे’ असते; एवढा भेद वृत्तलेखकाने राखला तरी वाचकावर उपकार होतील.

या प्रकारच्या संशयास वय बरेच आहे. संचायक बॅटरी म्हणजे भागभांडवलवाल्यांनी लोकांस लुबाडण्याचे साधन, अशा आशयाचे कठोर मत खुद्द थॉमस एडिसनने १८८३ मध्ये व्यक्त केले होते. पुढे १९०१ मध्ये त्यानेच बॅटरीची कंपनी काढली. त्याचे निकेल-लोह घट विक्रीस आले, गळू लागले, क्षमता गमावू लागले. १९०४ च्या सुमारास त्याने उत्पादन थांबविले आणि सुधारलेली बॅटरी आणली ती १९०९ मध्ये. प्रसिद्धीची हौस त्यालाही कमी नव्हती. त्याने आधी दिलेली वचने वाचली तर आजच्या निवेदनकारांचा तो आद्य गुरू वाटेल. पण माल परत घेऊन पाच वर्षे खपणे हे उत्तर कोणत्याही वाक्यापेक्षा भारी होते.

आता भाषांतराचा एक प्रश्न राहतो. येथे वापरलेला ‘आवर्तन’ हा शब्द संशोधक बॅटरीच्या भरण्या-रिकामे होण्याच्या फेरीस वापरतात. पैठण तालुक्यातील शेतकऱ्यास तो जायकवाडीच्या कालव्यामुळे पूर्वीच ठाऊक आहे. पाण्याची किती आवर्तने मिळणार, हे जाहीर झाल्यावर तो तेवढ्यावर थांबत नाही. पाणी किती दिवस चालणार आणि शेवटच्या चारीपर्यंत पोचणार काय, हे विचारतो. ‘तीस अंशांस आठशे आवर्तने’ हे वाक्य त्याच्यापुढे ठेवले, तर वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात ती किती उरतील, हा प्रश्न त्याच्याकडून आपोआप येईल. त्या प्रश्नाचे उत्तर वर उल्लेखिलेल्या आकड्यांत नाही.