‘कट्यार’ आणि प्रेक्षकांचे अश्रू

एखाद्या कलाकृतीविषयीं सामान्य रसिकांचीं मतें कानांवर पडणें हा टीकाकाराला मोठाच लाभ होय. कारण त्या मतांवरून कलाकृतीची परीक्षा जितकी होते, तितकीच रसिकांचीहि होते. श्री. सुबोध भावे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘कट्यार काळजात घुसली’ हा बोलपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजीं, ऐन दिवाळींत, पडद्यावर आला. तेव्हांपासून दिवाळीची सुट्टी लागली कीं भिवंडींतील आमच्या परिचयाच्या घरांतून तो पुन्हां पाहिला जातो, आणि फराळाबरोबर त्यावरील मतांचीहि देवघेव होते. हीं मतें ढोबळ मानानें तीन प्रकारचीं आहेत. तिन्ही प्रामाणिक आहेत. पण तिन्ही अपुरीं आहेत असें आम्हांस वाटतें.

प्रथम कथानक थोडक्यांत सांगतों. विश्रामपूर संस्थानचे राजगायक पंडित भानुशंकर हे मिरजेस खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांचें गाणें ऐकतात आणि मोठ्या मनानें त्यांना आपल्या संस्थानांत घेऊन येतात. पुढें दरबारच्या स्पर्धेंत खाँसाहेबांना वारंवार हार पत्करावी लागते. मत्सर वाढीस लागतो. आणि अखेर खाँसाहेबांची पत्नी कपटानें पंडितजींचा आवाज घालविते. राजगायकाचें पद, हवेली, आणि जिच्यायोगें केलेला एक खून माफ आहे ती मानाची कट्यार, हें सर्व खाँसाहेबांकडे जातें. पंडितजींकडे गाणें शिकावें म्हणून सदाशिव नांवाचा तरुण मिरजेहून येतो, तो हा सारा विध्वंस पाहतो आणि सूडानें पेटतो. ह्या तरुण गायकाचें पुढें काय होतें, हा बोलपटाचा विषय.

आतां पहिलें मत. ‘आम्हांला रडूं आवरलें नाहीं, म्हणून बोलपट उत्तम’ असें म्हणणारांची संख्या सर्वांत मोठी आहे. अश्रूंची थट्टा करणारांपैकीं आम्ही नाहीं. भवभूतीसारख्या महाकवीनें करुणरसाला अग्रपूजेचा मान दिला आहे. परंतु त्याचा राम ज्या दुःखानें विरघळून जातो, तें त्यानें स्वतःच्याच हातांनीं ओढवून घेतलेलें आहे, हें विसरतां कामा नये. तेव्हां अश्रु आले कीं नाहीं हा प्रश्न दुय्यम असून, ते कोणासाठीं आले हा खरा प्रश्न आहे. श्री. शंकर महादेवन यांच्या सौम्य मुद्रेचे पंडितजी मुके झालेले पाहून कोणाचेंहि हृदय द्रवेल. निरपराध्याच्या दुःखाचे अश्रु आपणांस कांहींएक किंमत पडूं न देतां मिळतात. पण स्वतःच्या मत्सरानें पोखरलेला, श्रेष्ठ असूनहि आपण श्रेष्ठ आहों याची खात्री नसलेला जो खाँसाहेब, त्याच्यासाठीं डोळे ओले होण्यास प्रेक्षकाला आपल्या मनाचा एक कोपरा उघडून पाहावा लागतो. श्री. सचिन पिळगांवकर यांनीं ही भूमिका अशा ताकदीनें केली आहे कीं ते अश्रु येणें अशक्य नाहीं. ते ज्यांना आले त्यांनीं बोलपट पाहिला. इतरांनीं केवळ कथा ऐकली.

दुसरें मत वडील मंडळींचें. ‘मूळ नाटकाची सर याला नाहीं’ हें त्यांचें पालुपद. श्री. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचें संगीत आणि डॉ. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब, असा तो योग होता. ज्यांनीं तो अनुभवला त्यांच्या आठवणींना आम्ही वंदन करितों. तथापि रंगभूमीवर गायक श्रोत्यांची दाद घेत घेत जसा फुलतो तसा पडद्यावर फुलूं शकत नाहीं. हा दोष साधनाचा आहे, माणसांचा नव्हे. शिवाय ह्या बोलपटांत खाँसाहेबांचा गळा आहे वसंतरावांचे नातू श्री. राहुल देशपांडे यांचा, आणि सदाशिवाचा गळा आहे अभिषेकीबुवांचे शिष्य श्री. महेश काळे यांचा. काळे यांना याच बोलपटांतील गायनाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. म्हणजे रंगभूमीवरची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे पोंचली, याचा पुरावा बोलपटाच्या ध्वनींतच आहे.

वडील मंडळींच्या तक्रारींत तथ्य असलें तर तें निराळ्या ठिकाणीं आहे. एखादी तान गळ्यावर चढण्यास वर्षें लागतात. सदाशिवाची ही तपश्चर्या हेंच कथेचें हृदय. पण कटकारस्थानें, प्रतिज्ञा आणि दरबारी थाट यांना जितका अवकाश मिळाला आहे, तितका ह्या तपश्चर्येला मिळालेला नाहीं. त्यामुळें विद्येचा प्रश्न मागें पडून गुन्हा आणि शिक्षा यांचा प्रश्न पुढें येतो. दिग्दर्शकावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

याच दोषांतून तिसरें मत जन्माला येतें आणि तें सर्वांत नाजुक आहे. ‘खाँसाहेब मुसलमान म्हणून त्यांना खलनायक केलें’ असें कांहींजण खेदानें म्हणतात, तर दुसरे कांहीं त्याच गोष्टीचा मनांतल्या मनांत संतोष मानतात. इतरत्र हा वाद दिवाणखान्यांत संपेल. भिवंडीची गोष्ट वेगळी आहे. यंत्रमागांच्या ह्या गांवांत मराठी, उर्दू आणि तेलुगु बोलणारीं कुटुंबें भिंतीला भिंत लावून राहतात. १९७० आणि १९८४ सालच्या दंग्यांनीं ह्याच गांवाचीं घरें उद्ध्वस्त केलीं. आणि १९९२-९३ सालीं मुंबई पेटली असतां हेंच गांव शांत राहिलें. पोलीस अधिकारी श्री. सुरेश खोपडे यांच्या पुढाकारानें निघालेल्या मोहल्ला समित्यांतून शेजाऱ्यांना एकमेकांचें म्हणणें ऐकून घेण्याची संवय लागली होती, हें त्याचें एक मोठें कारण मानलें जातें.

बोलपट दुष्ट हेतूनें काढलेला आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु मत्सर आणि कपट एका घराच्या वाट्याला, औदार्य आणि क्षमा दुसऱ्या घराच्या, ही वांटणी एकांगी आहे खरी. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास तर निराळेंच सांगतो. ज्या मिरजेहून सदाशिव निघतो, त्याच मिरजेंत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनीं वास्तव्य केलें. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य, आणि पंडित भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यापाशीं भास्करबुवा बखले शिकले, आणि भास्करबुवांनीं बालगंधर्वांना शिकविलें. मराठी घराघरांत जें गाणें ‘आपलें’ म्हणून गुणगुणलें जातें, त्याचा एक मोठा प्रवाह खाँसाहेबांच्याच ओसरीवरून वाहत आलेला आहे.

आणि नवल असें कीं, बोलपटाच्या कानाला हें ठाऊक आहे. डोळ्यांना तो खाँसाहेबांचा अपराध दाखवितो; पण कानांना जें गाणें सर्वांत अधिक ओढ लावतें, तें पुष्कळदां त्याच अपराध्याचें असतें. सदाशिवालाहि तीच ओढ लागते. तो मारावयास येतो आणि ऐकावयास राहतो. ज्याला जिंकावयाचें त्याचीच गायकी त्याला कानानें टिपून घ्यावी लागते. आणि एकदां ती गळ्यांत उतरली म्हणजे तो मनुष्य केवळ शत्रु कसा राहील? एक खून माफ असतांहि कट्यार अखेर चालत नाहीं, याचें मर्म हेंच होय. तिन्ही मतें देणारे प्रेक्षक विजय कोणाचा झाला याचाच हिशेब करीत बसतात, आणि हें मर्म त्यांच्या हातून निसटतें.

म्हणून पुढल्या दिवाळींत मुलांना घेऊन हा बोलपट पुन्हां पाहणाऱ्या कुटुंबांना आमची एवढीच विनंति आहे. शेवटीं दिवे लागल्यावर ‘कोण जिंकलें?’ असें मुलांना विचारूं नये. ‘सदाशिव गाणें कोणाकोणाकडून शिकला?’ असें विचारावें. ह्या प्रश्नाच्या उत्तरांत पंडितजींच्या बरोबरीनें खाँसाहेबांचें नांव मुलांच्या तोंडीं आलें, तर सुट्टीचे ते तीन तास सत्कारणीं लागले असें आम्ही समजूं.