‘सीक्रेट रेमेडीज’: गोळीचा हिशोब लागला, जाहिरातीचा राहिला

१९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचं एक पुस्तक काढलं. किंमत एक शिलिंग. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या घराघरांत शिरलेली ‘पेटंट’ औषधं बाजारातून विकत आणायची, प्रयोगशाळेत तपासायची, आत काय निघालं ते छापायचं आणि शेजारी त्या मालाची खरी किंमत लिहायची, एवढाच पुस्तकाचा खाक्या. सर्दी, खोकला, क्षय, मधुमेह, लठ्ठपणा, टक्कल, फेफरं, कर्करोग, दारूचं व्यसन अशी रोगवार प्रकरणं आहेत. त्यातला बराचसा मजकूर आधी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेखांच्या रूपाने आला होता.

भोंदू औषधांचा विषय निघाला की आजही या पुस्तकाचा दाखला देतात, आणि विज्ञानाने थोतांडाला हरवल्याचं उदाहरण म्हणून देतात. मी स्वतः वनस्पतींमधली रसायनं वेगळी करून ओळखण्याचं काम करते, त्यामुळे मी ते जरा धंद्याच्या नजरेने वाचलं. रसायनशास्त्र म्हणून पुस्तक झकास आहे. पुरावा म्हणून मात्र ते जितकं मानलं जातं तितकं भक्कम नाही.

आधी त्याची ताकद बघू. लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सच्या थॉमस बीचमच्या गोळ्या त्या काळी प्रचंड खपत. ‘एका डबीचं मोल एक गिनी’ हे त्यांचं घोषवाक्य. ५६ गोळ्यांची डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला. पुस्तक सांगतं की गोळीत काळा बोळ, सुंठ आणि साबण आहे. काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या पानाचा कडू पिवळा रस आटवून केलेला खडा; आपल्याकडे जुन्या बायकांना तो चांगला ठाऊक असतो. आणि या ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत? साधारण अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी.

हिशोब करून बघा. बारा पेन्यांचा शिलिंग, म्हणजे डबी साडेतेरा पेन्यांची, म्हणजे १०८ अर्धे फार्दिंग. मालाच्या १०८ पट किंमत. आणि २१ शिलिंगांच्या गिनीशी ताडून पाहिलं तर २०१६ पट! पुस्तक गाजलं ते अशा आकड्यांमुळे, आणि त्यात नवल नाही.

पण १ शिलिंगावर ते दीड पेनी कुठून आले? तो सरकारी कर. १७८३ पासून इंग्लंडात अशा औषधांवर मुद्रांक शुल्क होतं आणि एक शिलिंगापर्यंतच्या मालावर ते दीड पेनी पडायचं. म्हणजे बारा अर्धे फार्दिंग. डबीत जेवढ्याचा माल, त्याच्या बारा पट पैसे प्रत्येक डबीमागे सरकारी खजिन्यात जात होते. शिवाय कर भरल्याची खूण म्हणून डबीवर सरकारी छापाची पट्टी चिकटवलेली असायची. लोकांना वाटायचं, सरकारने औषध तपासून शिक्का मारलाय. पुढे पुढे त्या पट्टीवरच ‘ही सरकारी हमी नव्हे’ अशा अर्थाची ओळ छापावी लागली. ‘पेटंट’ या शब्दाचीही तीच गत. खरं पेटंट घ्यायचं तर कृती जाहीर करावी लागते, आणि या धंद्याचा सगळा जीव गुपितात. त्यामुळे यातल्या बहुतेक औषधांना पेटंट कधी नव्हतंच. नाव तेवढं राहिलं.

आता माझी पहिली तक्रार. माल स्वस्त आहे, यावरून औषध निरुपयोगी आहे असं सिद्ध होत नाही. काळा बोळ हे खरंखुरं रेचक आहे. डॉक्टर आणि औषधनिर्माते ज्या ब्रिटिश फार्माकोपियाला प्रमाण मानत, त्यातही काळा बोळ आणि साबण यांची गोळी अधिकृतपणे होती. म्हणजे बद्धकोष्ठाचा रोगी डॉक्टरकडे गेला असता तर त्याला बीचमच्या गोळीची चुलतबहीणच मिळाली असती, वर फी वेगळी. पुस्तक हे लपवत नाही, पण त्यावर थांबतही नाही. खर्चाचा आकडा बघून वाचकाला चीड यावी आणि चिडलेल्या वाचकाने ‘खोटं’ हा निष्कर्ष आपणहून काढावा, अशी मांडणी आहे. हा युक्तिवाद जाहिरातीसारखाच चालतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. हे लोक जाहिरातीतले दावे उतरवून घेतात, पण तपासत नाहीत. बाटली प्रयोगशाळेत नेली, आणि जाहिरातीला नुसतं हसून सोडून दिलं. वास्तविक तपासण्यासारखा ऐवज तिथेच होता.

बीचमच्या जुन्या जाहिराती घ्या. डोकेदुखी, घेरी, पोटफुगी, भूक न लागणं, झोपमोड, वाईट स्वप्नं, अंगावर काटा, गरम वाफा, धाप, थरथर अशी लांबलचक यादी, आणि पहिल्या डोसाने २० मिनिटांत आराम पडेल असं आश्वासन. आता काळ्या बोळातलं कामाचं द्रव्य म्हणजे ॲलोइन. त्याला एक साखरेचा रेणू जोडलेला असतो आणि तो जठरात किंवा लहान आतड्यात सुटत नाही. द्रव्य तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ती साखर तोडतात आणि मग कुठे रेचक तयार होतं. याला साधारण ६ ते १२ तास लागतात. म्हणून तर असली औषधं रात्री झोपताना घेतात. २० मिनिटांत गोळी काहीच करू शकत नाही, तेव्हा ती पुरती विरघळलेलीही नसेल.

मग लोकांना आराम का पडायचा? यादी पुन्हा वाचा. त्यात एकही तक्रार अशी नाही जी आपोआप कमी-जास्त होत नाही. घेरी येते-जाते, झोप एक रात्र बिघडते आणि दुसऱ्या रात्री लागते. माणूस गोळी घेतो तो त्रास टिपेला असताना, आणि टिपेनंतर उतारच असतो. यादी करणाऱ्याला संख्याशास्त्र येत नव्हतं, पण गिऱ्हाईक येत होतं. जी दुखणी स्वतःहून बरी होतात तीच नेमकी वेचून त्याने गोळीच्या नावावर लिहिली. माझ्या मते ही व्हिक्टोरियन जाहिरातीची खरी करामत, आणि ‘सीक्रेट रेमेडीज’च्या हातून ती निसटली. घोषवाक्यही तसंच चतुर आहे: ‘मोल एक गिनी’ यात रोग बरा होण्याबद्दल एक अक्षर नाही, मग खोटं पाडणार काय?

जाहिरात हाच माल आहे हे धंदेवाल्यांना केव्हाच उमगलं होतं. थॉमस हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही जाहिरातींतून दिसत. हा गृहस्थ १८४२ मध्ये जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता. १८८३ मध्ये तो वारला तोवर हा आकडा ५०,००० पौंडांवर पोचला होता. त्याच्या पैशातून उभं राहिलेलं मुलींचं कॉलेज १८८६ साली खुद्द राणीच्या हस्ते उघडलं, आणि रॉयल हॉलोवे या नावाने ते आजही लंडन विद्यापीठात आहे. (इतक्या मुलींची विज्ञानाची पदवी या गोळ्यांवर झाली, हे मला मनापासून आवडतं.) औषधाच्या किमतीतला मोठा हिस्सा जाहिरातीचा होता. मग १०८ पटीचा आकडा सांगून ‘फरक नफ्यात गेला’ असं सुचवणं अर्धवटच. त्यातून वर्तमानपत्रं जगत होती, आणि म्हणूनच ती या विषयावर गप्प बसत.

तिसरा मुद्दा माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचा. क्षयाच्या प्रकरणात चार्ल्स हेन्री स्टीव्हन्स याच्या औषधाचा पंचनामा आहे. हा इंग्रज माणूस क्षय झाला म्हणून १८९७ साली हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे एका स्थानिक वैद्याने त्याला कुठल्याशा मुळीचा काढा दिला, आणि आपण त्याने बरे झालो असं समजून परत येऊन त्याने ते औषध विकायला काढलं. नाव ‘उमकालोआबो’. पुस्तकाने ते भोंदूगिरीत टाकलं. स्टीव्हन्सने असोसिएशनवर अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९१२ मध्ये ज्यूरीचं एकमत होईना. १९१४ मध्ये पुन्हा खटला चालला आणि तो हरला.

पण ती मुळी नेमकी कुठली, हे त्या काळच्या विश्लेषणाने ठरण्यासारखं नव्हतंच. टॅनिन आहे एवढं कळतं, आणि टॅनिन शेकडो झाडांत असतं. १९७० च्या दशकात म्युनिकमध्ये ती ओळखली गेली: जिरेनियमच्या कुळातली पेलार्गोनियम. आज तिचा अर्क जर्मनीत त्याच जुन्या नावाने मिळतो, क्षयासाठी नव्हे, खोकला-ब्राँकायटिससाठी. काही चाचण्यांत थोडा फायदा दिसलाय, पण पुरावा बेताचाच. क्षय बरा होतो असं कुणी दाखवलेलं नाही. म्हणजे पुस्तकाचा निकाल टिकला, पण ज्या वाटेने ते निकालापर्यंत गेलं ती वाट तिथे पोचतच नाही. बाटलीत ओळखीचं काही नाही आणि बाटलीत कामाचं काही नाही, ही दोन वेगळी विधानं आहेत. आमच्या लॅबमध्येही एखादा अर्क ‘निष्क्रिय’ म्हणून बाजूला ठेवताना हा घोटाळा सर्रास होतो.

न्याय म्हणून दुसरी बाजू सांगायला हवी. १९०९ मध्ये तपासायचं तर कशाच्या आधारे? नियंत्रित चाचणी नावाची चीज रुळलेली नव्हती. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध यादृच्छिक चाचणी छापून आली १९४८ साली, तीही ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच. १९०९ च्या डॉक्टरकडेसुद्धा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, चांगलं खाणं आणि विश्रांती, बस्स. तराजू फक्त घटक आणि किंमत यांचाच उपलब्ध होता, आणि तो हॅरिसनने अत्यंत प्रामाणिकपणे वापरला. एडवर्ड फ्रँक हॅरिसन, या विश्लेषणांमागचा रसायनतज्ज्ञ. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांना वाचवणारा ब्रिटिश मुखवटा घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. युद्ध संपायला आठवडा राहिला असताना, नोव्हेंबर १९१८ मध्ये, तो वारला. त्याच्या कामात मला खोट सापडत नाही. खोट आहे ती त्याच्या तक्त्यांवर असोसिएशनने चढवलेल्या भाषणात. डॉक्टरांचं गिऱ्हाईक ही औषधं पळवत होती, ही गोष्ट ते भाषण करणारे विसरलेले नव्हते.

पुस्तकाचा परिणाम झाला. पार्लमेंटने समिती नेमली, समितीने धंद्याचे वाभाडे काढले, आणि तिचा अहवाल ज्या दिवशी आला ती तारीख होती ४ ऑगस्ट १९१४, ब्रिटनने युद्ध पुकारलं तो दिवस. अहवाल कुणी वाचला नसेल हे सांगायला नको. घटक छापण्याची सक्ती व्हायला १९४१ उजाडलं. त्याच कायद्याने मधुमेह, फेफरं, क्षय अशा ठरावीक रोगांवर औषधाची जाहिरात करणंही बंद केलं. कर्करोगासाठी ते १९३९ मध्येच झालं होतं. आपल्याकडचा १९५४ चा जादुई औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा याच वळणाचा आहे: रोगांची यादी दिलेली, आणि त्यांवर इलाज असल्याची जाहिरात करायची नाही. बाटलीत काय आहे हे तो आधी विचारत नाही. तो वाक्य पकडतो.

‘सीक्रेट रेमेडीज’ आणि १९१२ चा दुसरा भाग, दोन्ही स्कॅन केलेले इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. सलग वाचू नका, कंटाळा येईल. तक्ते एकसारखेच आहेत. लठ्ठपणाचं प्रकरण आधी उघडा आणि सोबत मोबाइलवर आलेली वजन कमी करायची एखादी जाहिरात ठेवा. मग क्षयाचं वाचा.