खंडो बल्लाळाची कादंबरी

राजावर कादंबरी लिहावयाची म्हणजे आधी त्याच्या वैऱ्यांचे कागद वाचावे लागतात. संभाजी महाराजांच्या बाबतीत ही अडचण विशेष आहे. त्यांचे जे चित्र मराठी मनावर दीर्घकाळ ठसले, त्याचा मोठा भाग मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून आला. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली; आणि लिहिणारा कोण, तर ज्या बाळाजी आवजींना महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला, त्यांचाच वंशज!

रशियाच्या चौथ्या इव्हानची गोष्ट अशीच. १५४७ साली 'झार' म्हणून राज्याभिषेक करवून घेणारा हा पहिला राजा. त्याचे काळे चित्र रंगविणाऱ्यांत अग्रभागी होता तो १५६४ साली लिथुआनियास पळून गेलेला त्याचाच सरदार कुर्ब्स्की. पण वैऱ्याने लिहिले म्हणजे खोटे, असे म्हणून भागत नाही. १५७० ची नोव्हगोरोदची कत्तल कुर्ब्स्कीच्या लेखणीने केली नव्हती. मारलेल्यांसाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून अखेरीस इव्हाननेच मठांकडे त्यांच्या नावांच्या याद्या धाडल्या. या दोन राजांची तुलना मला करावयाची नाही. तुलना आहे ती त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांची.

आपल्याकडे काय झाले? गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यासा'त बखरीतलाच विलासी संभाजी आहे. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र आले आणि अस्सल कागदांनी त्या चित्राला तडे गेले. १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये कानेटकरांनी बापलेकांमधला दुरावा पाहिला. १९७९ च्या 'छावा'ने वाचकांना तेजस्वी, सोसणारा वीर दिला. हे ऋण मोठे आहे. परंतु काळा रंग खरवडून पांढरा दिला की माणूस दिसू लागतो, असे नाही. २०१७ साली पुण्यात गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. नाटक पटले नाही तर दुसरे नाटक लिहावे. पुतळा बुडवून त्यातले एक वाक्यही बदलत नाही.

माझी तक्रार अशी, की आपले लेखक तुळापूरकडे फार लवकर धावतात. १६८९ चे ते मरण अलौकिकच. पण आधीच्या नऊ वर्षांचे काय? एकीकडे औरंगजेब, दुसरीकडे सिद्दी, तिसरीकडे फिरंगी. आमच्या नागावाशेजारी चौलच्या पोर्तुगिजांना १६८३ साली मराठ्यांनी वेढा घातला, तो याच धामधुमीत. आणि याच काळात खंडो बल्लाळ आहे. ज्या राजाने बापाला मारले, त्याचीच चिटणिशी या मुलाने केली. राजा गेल्यावर राजाराम महाराजांसाठी जिंजीपर्यंत जिवाची बाजी लावली. त्या राजाने त्याच्या हाती दौत-लेखणी दिली तेव्हा त्याच्या मनात काय होते? पश्चात्ताप, की राजकारण? आणि घेणाऱ्याच्या मनात? निष्ठा, भीती, की घर चालविण्याची गरज?

बखरकार याच घराण्यातला, म्हणून त्याचे मन मोकळे नाही; चरित्रकाराला येथे कागद पुरत नाही. हे काम कादंबरीकाराचेच. वर्गात मुले विचारतात, "गुरुजी, राजा चांगला होता की वाईट?" त्यांना मी खंडो बल्लाळाची हकीकत सांगतो. मुले गप्प होतात, मग आपापसांत भांडू लागतात. एखाद्या कादंबरीने मोठ्यांनाही असेच भांडावयास लावावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.