रिकाम्या पाइपचे सुख

जे. एम. बॅरी यांचे ‘माय लेडी निकोटीन’ हे पुस्तक १८९० साली प्रसिद्ध झाले. विवाहासाठी धूम्रपान सोडलेला निवेदक त्यात आपला ब्रायरचा पाइप, तंबाखूची थैली आणि ‘आर्केडिया’ नावाचे मिश्रण यांची आठवण काढतो. हे मिश्रण अपात्राच्या हाती पडू नये, म्हणून त्याची मित्रमंडळी विलक्षण दक्ष असते. या मिश्रणाची कीर्ती एवढी की, कॉनन डॉइल यांच्या ‘द क्रुकेड मॅन’ (१८९३) या कथेत शेरलॉक होम्स वॉटसनच्या कोटावरील राखेवरून तेच ओळखतो.

परंतु पुस्तक मिटल्यावर मनात रेंगाळतो तो धूर नव्हे, मित्रांचा सहवास. शेवटच्या प्रकरणात पत्नी निजल्यावर निवेदक रिकामा पाइप तोंडात धरून, भिंतीपलीकडे ओढणाऱ्या शेजाऱ्याची चाहूल घेत बसतो. येथे विनोद नकळत करुणेला स्पर्श करतो. पत्नी मात्र छायेसारखीच राहते. त्यागाची दुसरी बाजू लेखकाने रंगविलेली नाही, हे या पुस्तकाचे उणेपण होय.

तंबाखूने कर्करोग होतो, हे आज निर्विवाद आहे. मग विद्यार्थ्यांना तिच्यापासून परावृत्त करणाऱ्या मुख्याध्यापकाने हे पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवावे काय? मी ठेवले आहे. व्यसन माणसाला जिव्हाळ्याच्या वाटेने कसे बांधते, हे आमच्या उपदेशापेक्षा तो रिकामा पाइप अधिक प्रामाणिकपणे सांगतो.