लीलावतीच्या लेकी आणि आपला उंबरठा

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आचार्य भुंग्यांचा, हंसांचा, पाण्यात कललेल्या कमळाचा हिशेब विचारतात. मधूनच 'बाले' असे संबोधन येते. परंतु जिला हे सारे विचारले जाते, ती संपूर्ण ग्रंथात एकदाही बोलत नाही. ती आचार्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथाही मूळ ग्रंथातील नव्हे. फैजीने १५८७ साली केलेल्या फार्सी भाषांतराबरोबर ती आपल्यापर्यंत आली. म्हणजे लीलावतीचे चरित्रदेखील इतरांनीच रचले.

'लीलावतीज डॉटर्स' हा २००८ साली बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ वाचताना हे मौन आठवते. संपादक रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी भारतातील सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांचा परिचय यात एकत्र आणला आहे. दिवंगतांविषयी इतरांनी लिहिले असून हयात असलेल्यांनी स्वतःच आपली वाटचाल सांगितली आहे. पुण्यात वाढलेल्या आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत कण-भौतिकीचे अध्यापन करणाऱ्या गोडबोले २०२४ साली निवर्तल्या. त्यांच्या पश्चात हा ग्रंथ पुन्हा काढून वाचावा, असे वाटण्यास आणखी एक कारण आहे. त्यातील एक प्रकरण आपल्या साहित्यप्रेमी वाचकांच्या अगदी जवळचे आहे.

ते प्रकरण कमला सोहोनी यांचे. या दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अग्रक्रम मिळवून त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज केला. त्यांचे वडील आणि चुलते याच संस्थेतून शिकून बाहेर पडले होते. संचालकपदी होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्ज नाकारला गेला, आणि त्याचे कारण अर्जदार स्त्री आहे एवढेच होते. कमलाबाई बंगळूरला गेल्या, संचालकांच्या दारी ठाण मांडून बसल्या, आणि अखेर त्यांना अटींवर आत घेतले गेले. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही; मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीही, काम करावे लागेल; आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे मुलींसाठी दार किलकिले झाले. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. बटाट्याच्या पेशीजालात सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे दाखवून वनस्पतींच्या श्वसनक्रियेवर त्यांनी प्रकाश टाकला.

या प्रसंगाची बोच रामन यांच्या थोरवीमुळे अधिकच वाढते. परक्या राज्यकर्त्यांच्या काळात भारतीय मनुष्य वैज्ञानिक होऊ शकतो, हे ज्या पुरुषाने १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून जगाला दाखवले, त्यालाच तीन वर्षांनी भारतीय स्त्रीविषयी तेच दिसू नये! स्वतः अन्याय सोसला म्हणजे न्यायदृष्टी आपोआप येते, हा आपला समज किती भाबडा आहे, याचा हा दाखला. आणि प्रस्तुत ग्रंथ प्रसिद्ध करणारी अकादमी रामन यांनीच १९३४ साली स्थापन केलेली आहे. आपल्या संस्थापकाचा दोष सांगणारे पान तिने आपल्याच नावाने छापावे, हा या ग्रंथाचा सर्वात मोठा गुण मी मानतो.

उणिवाही आहेत. प्रत्येक परिचय दोन-चार पानांत आटोपल्यामुळे बहुतेक कथा एकाच साच्यात बसतात: प्रोत्साहन देणारे वडील, अडथळा, जिद्द, यश. ज्या मध्येच परतल्या, त्यांचा आवाज येथे फारसा नाही; आणि अशा ग्रंथात तो असणे अवघडही आहे. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या प्रकाशगुणांवर अनेक वर्षे काम केलेल्या अ‍ॅना मणी यांना एम. एस्सी. पदवी नाही एवढ्या कारणावरून डॉक्टरेट नाकारली गेली. त्या पुढे हवामानशास्त्रात मोठ्या झाल्या, म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ज्या मोठ्या झाल्या नाहीत, त्यांची नोंद कोण ठेवणार?

याहून खोल प्रश्न वडिलांचा आहे. कमलाबाईंचा सत्याग्रह खरा, धैर्यही खरे. परंतु ज्या दारी बसायचे, ते दार कोठे आहे हे त्यांच्या घरात आधीपासून ठाऊक होते. ज्या घरी ते ठाऊकच नाही, तेथील मुलीला नकार द्यावाही लागत नाही. तिचा अर्ज येतच नाही. विज्ञानाच्या क्षेत्रात 'सर्वांना समान संधी आहे' असे म्हणताना हा न आलेला अर्ज आपण हिशेबात धरत नाही. कमलाबाईंच्याच संशोधनातील एक तपशील येथे बोलका आहे. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा उपकारक ठरते असे दाखवले. या मोलाच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही अशा कथनात आदिवासी येतात ते लाभार्थी म्हणून. झाडावर चढून नीरा काढणाऱ्याचे ज्ञान कथनाच्या बाहेरच राहते.

आपण जोयड्यातील माणसांनी तरी हे वाचून पुढे जाऊ नये. या तालुक्यातील कुणबी कुटुंबांनी मुडली, कोनफळ, सुरण, कणगा असे नाना कंद आपल्या परसात पिढ्यान्पिढ्या राखले आहेत. कोणता कंद कोणत्या मातीत, किती सावलीत, कोणत्या पावसानंतर लावावा, बेण्यासाठी कोणता ठेवावा, खाज कशाने मरते, हे सारे प्रामुख्याने घरातील स्त्रियांना माहीत असते. जोयड्याच्या कंदमेळ्यात त्यांच्या टोपल्यांभोवती आज गर्दी होते. निरीक्षण, निवड, चाचणी, पुन्हा निवड या पायऱ्या त्यांच्या कामात आहेतच. नाही ती नोंदवही, आणि नाही ती सही. काळीच्या खोऱ्यातील जंगलातही हेच. धनेशाची ढोली कोणत्या झाडाला आहे हे वाटाड्या दाखवतो. निबंधाच्या शेवटी आभार मानताना तो बहुधा 'स्थानिक रहिवासी' होतो. २००३ साली गोव्यात कुणब्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला; सीमेच्या अलीकडच्या त्यांच्या सोयऱ्यांना तीच मागणी घेऊन वर्षानुवर्षे झगडावे लागले. एकाच आजीच्या दोन नातवंडांपुढे शिक्षणाची दोन निराळी दारे उभी राहतात, तीही एका रेषेमुळे.

हे अशक्य होते असे नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेल्या 'होर्तुस मलबारिकुस' या वनस्पतीग्रंथात डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने इट्टी अच्युदन या एळवा वैद्याचे निवेदन त्याच्या नावानिशी दिले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचे कोकणी निवेदनही नागरी लिपीत छापले. तो काही समतेचा पुरस्कर्ता नव्हता. कंपनीच्या कामाची गोष्ट होती. तरीही माहिती कोणाकडून घेतली हे लिहिल्याने ग्रंथाची विश्वासार्हता वाढते, हे त्याला समजले होते. सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जे साधले, ते आज साधू नये?

घाटमाथ्यावर येऊन वसलेल्या आपल्या घराण्यांना येथे थोडे अंतर्मुख व्हावे लागेल. आपली मुले धारवाड, बेळगाव, पुण्यास शिकली. ज्यांच्या श्रमावर आपली शेते उभी राहिली त्यांच्या मुलांना आपण शाळेची वाट किती वेळा दाखवली? रामन यांना दोष देणे सोपे आहे, कारण ते दूर आहेत. आपल्या उंबरठ्यावर अटी घालणारे आपणच होतो, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे, अट घालण्याची वेळच येऊ देत नव्हतो.

'लीलावतीज डॉटर्स' प्रत्येक वाचनालयात असावा. त्यातील निवडक प्रकरणे मराठीत आणि कन्नडमध्ये आली तर अधिक बरे. परंतु ग्रंथ विकत घेऊन काम संपत नाही. महाविद्यालयातील विद्यार्थी कंदांचा अभ्यास करण्यास आपल्या गावी येतात, तेव्हा त्यांना परसात घेऊन जाणारे बहुधा आपणच असतो. त्या वेळी एवढे तरी सांगावे, की कंदाच्या नावाखाली तो लावणाऱ्या बाईचे नाव आणि गाव, तिला विचारून, लिहा; आणि तिची मुलगी दहावीनंतर काय शिकते आहे, तेही विचारा.