‘तेल खाणारे जिवाणू’ : एका गोष्टीची तपासणी

विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ही गोष्ट हमखास भेटते. डॉ. आनंद चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू तयार केला; कुठे तेल सांडले की तो सोडायचा, की झाले! गोष्ट आकर्षक आहे, शिवाय नायक आपल्याकडचा. पण अशा सांगण्यात विज्ञानाचा मुख्य भागच गळून पडतो.

चक्रवर्तींचे काम मोठे होतेच. निरनिराळी हायड्रोकार्बने मोडण्याची क्षमता देणारी प्लाझ्मिडे त्यांनी एकाच स्यूडोमोनास जिवाणूत आणली. अशा जिवाणूला पेटंट मिळू शकते, असा निकाल १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. मात्र सांडलेल्या तेलावर हा जिवाणू कधी वापरला गेला नाही. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल सांडले, तेव्हा धुलाईच्या जोडीला किनाऱ्यांवर टाकले ते खत, म्हणजे नत्र आणि स्फुरद. तेल मोडणारे जिवाणू तिथे आधीपासून होतेच.

जमिनीतही हेच दिसते. दक्षिण कॅरोलायनातील हॅनाहान येथे १९७५ साली लष्करी साठ्यातून सुमारे ३ लाख लिटर विमान-इंधन गळले आणि दहा वर्षांत भूजलाबरोबर वस्तीखाली पोचले. मातीतले जिवाणू ते मोडत होते, पण फार सावकाश. १९९२ मध्ये त्यांना पोषकद्रव्ये पुरवली आणि १९९३ अखेर वस्तीखालचे प्रदूषण ७५ टक्क्यांनी घटले. विहिरींतून दूषित पाण्याचा उपसाही चालू होता, तेव्हा सगळे श्रेय जिवाणूंना देता येणार नाही. हा तपशील सांगणारे कमीच!

माझी खरी हरकत ‘खातात’ या क्रियापदाला आहे. त्यामुळे मुलांना वाटते, जिवाणू असले की काम होणारच. प्रत्यक्षात जिवाणूंची विकरे हायड्रोकार्बनच्या रेणूला प्राणवायू जोडतात आणि मग तो टप्प्याटप्प्याने मोडत जातो. फळ्यावर हिशेब करून पाहा. डिझेलचे सूत्र ढोबळपणे CH₂ धरा. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत १४ ग्रॅम डिझेलला ४८ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे १ ग्रॅमला सुमारे ३.४ ग्रॅम. एक लिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअसला जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे एका ग्रॅम डिझेलसाठी ४०० लिटरहून अधिक पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडेल! प्राणवायूशिवायही काही जिवाणू हायड्रोकार्बने मोडतात, पण ते काम बहुधा फारच संथ. अलास्कातील किनाऱ्यांवर गोट्यांच्या थराखाली, जिथे प्राणवायू नीट पोचत नाही, तिथे काही तेल दशकांनंतरही सापडले ते यामुळेच.

हा हिशेब झाला की वर्गातून पुढचा प्रश्न बहुधा येतो : मग पारा, शिसे? ती मूलद्रव्ये आहेत. जिवाणू त्यांची संयुगे बदलू शकतात. पारा मात्र पाराच राहतो.