हुबेहूब वाजवणाऱ्यांचा जॅझ

अमेरिकेत ऑक्टोबर हा फिलिपिनो-अमेरिकन इतिहासाचा महिना मानतात. १८ ऑक्टोबर १५८७ रोजी एका स्पॅनिश गलबतावरचे काही फिलिपिनो खलाशी कॅलिफोर्नियातल्या मोरो बे इथे किनाऱ्यावर उतरले, त्याची ही आठवण. या महिन्यात आणि एरवीही लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत फिलिपिनो जॅझ वादक-गायकांच्या गौरवाच्या मैफली भरतात. त्यांचा बेत बहुतेक ठरलेला असतो. सुरुवातीला सगळ्यांच्या ओळखीची एखादी जुनी अमेरिकन रचना, मग ‘दाहिल सा इयो’सारखं टागालोग प्रेमगीत बोसा नोव्हाच्या ठेक्यावर, मधे एखादी ज्येष्ठ गायिका, शेवटी सगळे एकत्र. दोन गाण्यांच्या मधे निवेदक नावं वाचतो: हा अमुक ऑर्केस्ट्रात होता, हिने तमुक स्पर्धा जिंकली. प्रत्येक नावाला टाळ्या पडतात आणि त्या मनापासूनच्या असतात. शंभर वर्षं ज्यांना वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत बसवलं, त्यांची नावं मोठ्याने उच्चारली जाणं ही लहान गोष्ट नाही.

पण या नामावळीमागे एक जुना आरोप उभा आहे. फिलिपिनो वादक उत्तम नक्कल करतो, स्वतःचं काही सांगत नाही, असा तो आरोप. हॉटेलांचे व्यवस्थापक हेच कौतुक म्हणून सांगत आले, समीक्षक दोष म्हणून. गौरवाच्या मैफली या आरोपाला नावांची यादी दाखवून उत्तर देतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. हुबेहूब वाजवणं हे काय जातीचं काम आहे, ते या लोकांच्या वाट्याला कसं आलं आणि त्यातून पुढे काय उगवलं, हे ऐकल्याशिवाय या संगीताची किंमत कळणार नाही.

सुरुवात चर्चमध्ये आहे. स्पेनने फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं आणि गावोगावी प्रार्थनासंगीतासाठी स्थानिक मुलांना स्वरलिपी, गायन, वाद्यं शिकवली. मनिलाजवळच्या लास पिन्यासच्या चर्चमध्ये १८२४ साली पूर्ण झालेला ऑर्गन आजही वाजतो. त्याच्या हजाराहून जास्त नळ्यांपैकी बहुतेक बांबूच्या आहेत. परदेशी वाद्याचा स्वर हाताशी असलेल्या सामग्रीतून काढायचा, हा धडा तिथेच गिरवलेला दिसतो. गावच्या जत्रेला बँड हवाच, त्यामुळे ब्रास वाजवणारी घराणी तयार झाली. १८९८ मध्ये स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन हे बेट-राष्ट्र अमेरिकेच्या हवाली केलं तेव्हा अमेरिकेला तिथे वाचून वाजवणारे वादक आयते मिळाले.

फिलिपिनो स्वातंत्र्यसैनिकांशी लढायला अमेरिकेने जे सैन्य पाठवलं, त्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणी होत्या. त्यांतला वॉल्टर लव्हिंग हा न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला संगीतकार. १९०२ मध्ये त्याच्याकडे फिलिपिन कॉन्स्टॅब्युलरी बँड उभा करण्याचं काम आलं. दोन वर्षांत त्याने हा बँड सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात नेला. तिथे ४७ एकरांत ‘फिलिपिन्स’ मांडलं होतं. हजाराहून जास्त माणसं त्या आवारात राहती ठेवली होती आणि ‘रानटी’ म्हणून इगोरोत लोकांना पाहायला झुंबड उडत होती. त्याच मैदानावर फिलिपिनो वादक रोसिनी वाजवत होते. एकदा ऐन वादनात दिवे गेले, तर लव्हिंगने छडीला पांढरा रुमाल बांधला आणि बँड अंधारात एक स्वर न चुकता वाजवत राहिला, अशी हकीकत सांगतात. हे संगीत त्यांना पाठ होतं. कागद समोर नसतानाही वाजवता येणं हे पुढे त्यांच्या पोटापाण्याचं साधन झालं. मेरी तालुसान यांनी ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ एम्पायर’ या २०२१च्या पुस्तकात या बँडचा इतिहास नीट उलगडला आहे. एका गुलाम केलेल्या वंशातला नायक आणि एका जिंकलेल्या देशातले वादक, ही जोडी जॅझच्या इतिहासात यायला हवी तितकी येत नाही.

१९२०च्या दशकात मनिलात ‘बोदाबिल’ बहरला. नाच, गाणी, नकला एकत्र करणाऱ्या अमेरिकन वोदव्हिलचा हा फिलिपिनो अवतार. सेबूचा लुइस बोरोमिओ अमेरिकेत रंगमंच गाजवून परतला आणि त्याने जॅझ मनिलाच्या नाटकगृहात आणला. काटी दे ला क्रूझ ही या रंगभूमीची राणी. ‘बालुत’ हे उकडलेल्या गर्भांड्याच्या फेरीवाल्याचं गाणं तिने असं गायलं की रस्त्यावरची आरोळी स्विंग करू लागली. लोक तिच्याकडे केवळ जुनी लोकप्रिय गायिका म्हणून पाहतात, मला ते पटत नाही. शब्दांची फोड करून लयीशी खेळणं तिला टागालोगमध्ये साधलं होतं आणि इंग्रजी गाण्यातल्या तिच्या कामाइतकंच ते मोलाचं आहे.

याच काळात फिलिपिनो बँड शांघाय, हाँगकाँग, कोबे, टोकियो, सिंगापूर इथल्या नाचघरांत आणि बोटींवर पोचले. पूर्व आशियातल्या पुष्कळ श्रोत्यांनी समोर बसून ऐकलेला पहिला जॅझ फिलिपिनो हातांनी वाजवलेला होता. जपानी वादकांच्या एका पिढीने त्यांच्याकडून फ्रेजिंग शिकलं. क्लॅरिनेटवादक रेमंड कोंदे तर जपानमध्येच स्थायिक झाला आणि तिथल्या जॅझचा आधार बनला. शिकवणाऱ्याला नक्कलखोर म्हणता येत नाही, एवढी साधी गोष्ट या इतिहासातून दिसते.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत होते आणि सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात होते. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही नावं आज नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महल फॉक्सट्रॉट’सारख्या पुस्तकामुळे पुन्हा बोलली जातात. रामचंद्र चितळकरांच्या ‘अलबेला’तला स्विंग या माणसांशिवाय उभा राहिला नसता, पण श्रेयनामावलीत त्यांना फारशी जागा नव्हती. दोन कॅथलिक वसाहती, दोन्ही बंदरांकडे तोंड करून बसलेल्या, दोन्हीकडचे वादक दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी राबले. फरक असा की गोवेकरांना हिंदी चित्रपटाने स्वतःच्या देशात एक मोठं घर दिलं. फिलिपिनो वादकाला बहुतेक वेळा बोटीवरच राहावं लागलं.

अमेरिकेत गेलेल्यांची कथा वेगळी आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारे तरुण फिलिपिनो शनिवारी उत्तम शिवलेला सूट घालून नाचघरात जात. तिथे दहा सेंटला एक नाच मिळे, बँड जॅझ वाजवी आणि जोडीदारणी गोऱ्या असत. गोऱ्या जमावांना हे सहन झालं नाही. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिलला दंगल उसळली आणि फर्मिन तोबेरा हा तरुण मजूर गोळीने मारला गेला. १९३४च्या कायद्याने फिलिपिन्समधून येणाऱ्यांची संख्या वर्षाला ५० वर आणली. गौरवाच्या मैफलीत जॅझ हा आनंदाचा वारसा म्हणून येतो. तो आनंद होताच, पण त्या तालावर नाचण्याची किंमत रक्ताने मोजावी लागली होती, आणि हे सांगितल्याशिवाय तो आनंद पुरता कळत नाही.

या स्थलांतरातून जन्मलेल्या पिढीत गेब बाल्टाझार येतो. हवाईतल्या हिलोचा, वडील फिलिपिनो वादक, आई जपानी वंशाची. १९६० ते १९६५ तो स्टॅन केंटनच्या ऑर्केस्ट्रात आल्टो सॅक्सोफोन वाजवत होता. केंटनचा ब्रास भिंतीसारखा अंगावर येतो. ‘स्टेअरवे टू द स्टार्स’मध्ये बाल्टाझार त्या भिंतीसमोर एकटा उभा राहतो, सूर न ताणता, लांब श्वासाच्या ओळी घेत. मोठ्या आवाजाला मोठ्या आवाजाने उत्तर न देण्याचं शहाणपण या वादनात आहे. तो २०२२ मध्ये गेला. अशा मैफलींत त्याचं नाव घेतात, ही बंदिश मात्र क्वचितच कुणी अंगावर घेतं.

बॉबी एन्रिकेझची गोष्ट जास्त अवघड आहे. १९४३ साली बाकोलोदला जन्मलेला हा पियानोवादक अमेरिकेत ‘मिंदानाओचा रानटी माणूस’ या बिरुदाने विकला गेला. बाकोलोद मिंदानाओत नाही, नेग्रोस बेटावर आहे. एन्रिकेझ बोटांच्या पेरांनी, मुठींनी, कोपरांनी पट्ट्या ठोकायचा, आणि प्रेक्षक हेच पाहायला यायचे. सेंट लुइसच्या कुंपणाआड जी नजर होती, ती ऐंशीच्या दशकात क्लबच्या टेबलाशी येऊन बसली, असं मला वाटतं. तिला खूश करताना एन्रिकेझ स्वतःही वाहवत गेला. त्याच्या काही ध्वनिमुद्रणांत वेगापुढे रचना हरवते. पण कोपराने वाजवलेले ते स्वरगुच्छ कान देऊन ऐका. ते पुष्कळदा योग्य मात्रेवर पडतात आणि पुढच्या स्वरसंगतीकडे घेऊन जातात. हात मोकळे सुटलेले दिसतात, कान मात्र जागेवर असतो. गौरव करायचा तर त्याच्या या कानाचा करावा. ते बिरुद जसंच्या तसं पोस्टरवर छापणं आता थांबायला हवं.

युद्धानंतर क्लार्क आणि सुबिक इथल्या अमेरिकन तळांवरचे क्लब हे फिलिपिनो वादकांचं सर्वांत मोठं विद्यालय होतं. एका क्लबात गोऱ्या सैनिकांना कंट्री हवं, दुसऱ्यात काळ्या सैनिकांना सोल, अधिकाऱ्यांना जॅझ. नवी रेकॉर्ड आली की काही दिवसांत ती ‘प्लाकादो’ वाजवता यायला हवी, म्हणजे तबकडीवर आहे तशीच, श्वासासकट. स्वरलिपी हाती नसे, सगळं कानाने उतरवायचं. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर क्लार्क रिकामा झाला, पुढच्या वर्षी सुबिक, आणि हे विद्यालय बंद पडलं. वादक पांगले, कुणी जपानच्या हॉटेलांत, कुणी प्रवासी जहाजांवर.

या ‘प्लाकादो’ला समीक्षकांनी कारागिरी म्हणून बाजूला ठेवलं. आपल्याकडे तालमीला बसलेला शिष्य वर्षानुवर्षं गुरूच्या गळ्याची नक्कल करतो आणि तिला कुणी हीन म्हणत नाही, कारण तिच्यातूनच स्वतःची उपज येणार हे आपण धरून चालतो. फिलिपिनो वादकाला ही सवलत मिळाली नाही. त्याचा गुरू तबकडी होती आणि उपज दाखवायला त्याला रात्रीचा वेळ दिलाच जात नव्हता.

म्हणूनच जॉन इराबॅगनचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकागोच्या परिसरात वाढलेल्या या फिलिपिनो-अमेरिकन सॅक्सोफोनवादकाने २००८ची थेलोनियस मंक स्पर्धा जिंकली. तो ज्या ‘मोस्टली अदर पीपल डू द किलिंग’ या बँडमध्ये होता, त्या बँडने २०१४ मध्ये ‘ब्लू’ नावाचा अल्बम काढला: माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची सुरासुराला बरहुकूम पुनर्निर्मिती. कोल्ट्रेनचे टेनर आणि कॅननबॉल अ‍ॅडरलीचे आल्टो हे दोन्ही भाग इराबॅगनने वाजवले. जॅझच्या जगात मोठा वाद झाला. हा विनोद आहे, की मूळ म्हणजे काय याविषयीचं चिंतन, यावर लेख लिहिले गेले. अल्बमच्या सोबतीला बोर्हेसची, जुनी कादंबरी शब्दशः पुन्हा लिहिणाऱ्या लेखकाविषयीची कथा छापली होती. कल्पना बँडच्या नायकाची, बासवादक मोपा एलियटची होती, आणि इराबॅगनने ती वंशाच्या अंगाने केली असं मला म्हणायचं नाही. पण सुबिक तळाला लागून असलेल्या ओलोंगापोच्या क्लबात हेच काम पोटासाठी रोज रात्री होत होतं आणि तेव्हा त्यावर कुणी लेख लिहिला नाही. न्यूयॉर्कमध्ये जे चिंतन ठरतं ते तळाबाहेरच्या क्लबात हमाली ठरत असेल, तर चूक आपल्या कानात आहे. इराबॅगनने ‘फॉक्सी’वर ऐंशी मिनिटांच्या आसपास जवळजवळ अखंड उपज केली आहे, ती ऐकली की हुबेहूब वाजवणारा आणि मनसोक्त सुटणारा वादक एकच असू शकतो हे पटतं.

गायनात चारमेन क्लॅमर आणि मॉन डेव्हिड यांनी मातृभाषेचा रस्ता धरला. क्लॅमरचं ‘माय फनी ब्राउन पिनाय’ हे सावळ्या रंगाची आणि बसक्या नाकाची लाज टाकून देणारं गाणं. त्यातला धीटपणा मला आवडतो, पण तो शब्दांत जितका आहे तितका संगीतात नाही. कुंदिमान हा फिलिपिनो प्रेमगीताचा प्रकार उदास स्वरपट्टीतून उजळ स्वरपट्टीत वळतो, आणि ते वळण हीच त्याची जान. बोसा नोव्हाच्या मऊ गादीवर ते बसवलं की वळण दिसेनासं होतं.

सर्वांत मोठा प्रश्न कुलिंतांगचा आहे. मिंदानाओतल्या मागिंदानाओ आणि मारानाओ मुस्लिम समाजाचं हे ओळीने मांडलेल्या आठ घंटांचं वाद्य. प्रत्येक संचाची स्वरव्यवस्था निराळी, त्यामुळे पियानोच्या पट्टीत ते बसत नाही. अमेरिकेतल्या ख्रिस्ती फिलिपिनोंच्या मुलांना वसाहतीच्या आधीचा वारसा हवा असतो, म्हणून ते कुलिंतांगकडे वळतात. ज्या समाजाचं ते आहे तो फिलिपिन्समध्येच दीर्घकाळ उपेक्षित राहिला, हे अशा वेळी विसरलं जातं. एखाद्या गाण्याच्या आरंभी रंगापुरत्या चार घंटा वाजवून बाजूला ठेवणं मला पटत नाही. मनिलात बॉब आवेस यांनी ‘ट्रान्सलेटिंग द गाँग्ज’ या अल्बममधून या घंटांशी गंभीरपणे बोलणी केली.

सुसी इबारा यांनी तर रीतसर शागिर्दी केली. त्यांचे गुरू दानोंगान कलांदुयान १९७६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात आले, आयुष्यभर शिकवत राहिले आणि १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. इबारा नव्वदच्या दशकात डेव्हिड वेअरच्या चौकडीत ड्रम वाजवत होत्या. तिथेही त्यांच्या हातात ठेका एका जागी बसत नाही, अनेक आवाजांत वाटला जातो. कुलिंतांगच्या मेळात प्रत्येक घंटा आपला तुकडा घेऊन चालते तसा. लुझॉनच्या डोंगरी वर्षावनांवर रचलेल्या त्यांच्या ‘स्काय आयलंड्स’ला २०२५चं पुलित्झर मिळालं. हे संगीत गौरवाच्या मैफलीच्या ठरलेल्या बेतात बसणार नाही. त्यासाठी बेत बदलावा लागेल: निम्मी संध्याकाळ अशा नव्या रचनांना आणि उरलेली बाल्टाझारच्या सोलोंना, काटीच्या बोदाबिल गाण्यांना, तळांवरच्या क्लबांत कानाने उतरवलेल्या आणि कधी छापल्या न गेलेल्या वाद्यजुळण्यांना द्यावी. रिची किरिनो यांनी मनिलाच्या वादकांच्या आठवणी पुस्तकांत उतरवल्या आहेत. क्लार्क-सुबिकच्या रात्री वाजवलेले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या समोर ध्वनिमुद्रक ठेवायला आणि त्यांच्याकडूनच त्या जुळण्या लिहून घ्यायला अजून वेळ आहे, पण फार नाही.